आठ नंबरची सकाळ

"ताप नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं घरी गेल्यावर धरून चालू नका," डॉ. तस्नीम मुजावर म्हणाल्या होत्या.

सासूबाईंची व्हीलचेअर लिफ्टच्या दाराशी उभी होती. हृषी, माझा नवरा, औषधांची पिशवी घेऊन खाली गाडी आणायला गेला होता. माझ्या कडेवर अडीच वर्षांची नीरू होती आणि तिने एक चप्पल कुठेतरी उडवली होती. मी मान हलवत होते, पण डोळ्यांनी चप्पल शोधत होते.

"दुपारी भेटायला कुणी नको. दुपारी खायलाही काही देऊ नका. त्यांची ती रात्र आहे."

मी हसले. "डॉक्टर, आमच्या मिरजेत भेटायला येऊ नका म्हटलं ना, की माणसं दुप्पट काळजीने येतात."

त्या हसल्या नाहीत. "त्यांना आणखी काही दिवस इथे ठेवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण खाली रुग्णवाहिका थांबली आहे आणि मला ही खाट लागणार आहे. म्हणून तुमच्यावर सोपवते आहे." त्यांनी आईंच्या सकाळी लावायचा एक दिवा आणि आपल्या दिवसाउजेडी त्यांना घालायचा काळ्या भिंगांचा चष्मा माझ्या हातात दिला. तेवढ्यात नीरूची चप्पल सापडली, आणि लिफ्ट आली.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला होता. त्याच आठवड्यात न्यूमोनिया झालेल्या आणखी दोघांना जुन्या अतिदक्षता विभागात ठेवलं होतं, ते दोघे गेले. आईंना खाट मिळाली ती वरच्या मजल्यावरच्या नव्या विभागात. त्याचं नाव 'प्रहर'. आठ खाटा, खिडकी एकही नाही, आणि छतभर पसरलेला असा उजेड की माणसाची सावलीच पडू नये.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, नीरू व्हायच्या आधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामही करत होते. तरी डॉ. मुजावरांनी समजावून सांगेपर्यंत मला वाटायचं की शरीराचं घड्याळ म्हणजे झोप येणं आणि न येणं, एवढंच. तसं नाही. मेंदूत, डोळ्यांच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढा एक पुंजका असतो. तो उजेड बघून चालतो. पण यकृत, आतडी, फुप्फुसं, प्रत्येकाचं आपापलं घड्याळ असतं, आणि त्यातली बरीचशी जेवणाच्या वेळेवर चालतात. एरवी ही सगळी एका तालात असतात. अतिदक्षता विभागात दिवा कधी विझत नाही, नळीतून अन्न दिवसरात्र थेंबथेंब जात राहतं, यंत्रं सारखी वाजतात, कुणी ना कुणी सारखं हलवून उठवतं. दोन-तीन दिवसांत घड्याळं एकमेकांपासून सुटतात. मेंदूची पहाट, यकृताची संध्याकाळ आणि फुप्फुसाला काहीच पत्ता नाही, असं होऊन बसतं.

आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या घड्याळांच्या तालावरच पहारा देतात. शरीराच्या दुपारी त्या वेशीवर दाटीने उभ्या असतात. शरीराची रात्र सुरू झाली की पहारा पातळ होतो. घड्याळच मोडलं तर पहारेकऱ्यांना आपली पाळी कधी हेच कळत नाही, आणि जंतू उघड्या दारातून चालत आत येतात.

'प्रहर' विभागात थेंबभर रक्तावरून यंत्र सांगायचं की या शरीरात आत्ता किती वाजलेत. मग उजेड, अन्न आणि अंथरुणाची ऊब यांनी सगळी घड्याळं पुन्हा जुळवायची. पण कुठल्या वेळेला जुळवायची? नळ्या बदलणं, अंग पुसणं, चादरी काढणं ही जंतू शिरायची कामं रुग्णालयात पहाटेच्या आधी उरकतात, मोठे डॉक्टर फेरीला यायच्या आत. शेकडो माणसांची ती पद्धत बदलेना. तेव्हा त्यांनी रुग्णांची वेळ बदलली. आठही खाटांची भर दुपार आणून ठेवली आपल्या पहाटेवर. त्यांची सकाळ आपल्या दिवेलागणीला व्हायची आणि रात्र पडायची आपल्या भर दुपारी.

आई जगल्या. आठच्या आठ जण जगले.

घरी आल्यावर उरलेलं काम आमचं होतं. पहिले काही आठवडे तीच वेळ सांभाळायची, मग दिवा लावायची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकवत त्यांना आमच्या दिवसात परत आणायचं, आणि जेवण फक्त दिव्याच्या वेळेत द्यायचं.

पहिल्या संध्याकाळी मी देवापाशी निरांजन लावत होते आणि आई आतून ताज्यातवान्या होऊन आल्या. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं.

"चहा टाकलास का गं? आज उशीर झाला उठायला."

खिडकीबाहेर अंधार पडला होता. नीरू डोळे चोळत मांडीवर चढली. आजीची सकाळ आणि नातीची झोप यांच्यामध्ये तेवढाच एक तास होता. त्या तासात दोघी भातुकली मांडायच्या. आजी चहा प्यायची, नात दूध-भात खायची.

मग फोन वाजायचा.

"सहा नंबर, दात घासलेस का?"

"घासले गं आठ नंबर. तू?"

"माझे वाटीत असतात. काढून बसवले."

आणि दोघी खो खो हसायच्या. सहा नंबर म्हणजे आई, आठ नंबर म्हणजे मगदूम बाई. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त, मुलगा बंगळूरला, इथे ब्राह्मणपुरीत एकट्या. विभागातून बाहेर पडताना दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले होते. नावं नंतर कळली, पण हाका खाटेच्याच राहिल्या.

"आठ नंबर, रात्री झोप लागली का?"

"कसली गं. आमच्या गल्लीत भर रात्री भंगारवाला ओरडतो."

ही रात्र म्हणजे आमची दुपार. मी पोळ्या लाटताना ऐकायचे आणि हसू यायचं, आणि हसता हसता अंगावर काटा यायचा. कारण फोन यायच्या आधी, हमखास, आईंची मान वर व्हायची. "उठली बघ आठ नंबर," त्या म्हणायच्या, आणि मग रिंग वाजायची. कधी म्हणायच्या, "तीन नंबर पण उठला. बोटं वाजवायला लागला."

"कोण तीन नंबर?"

"पडद्याआड होता गं. नाव नाही माहीत. खाटेच्या कठड्यावर ठेका धरायचा. मिरजेचाच असणार, दुसरं कोण नळ्या लावलेल्या असताना तबला वाजवतंय?"

मी डॉ. मुजावरांना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "भुताटकी नाही. एकाच वेळी चावी दिलेली घड्याळं कुठेही ठेवली तरी एकदमच वाजतात. त्यांना एकमेकांचं कळत नाही, स्वतःचंच कळतं." मग विचारलं, "दुपारी पाहुणे नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं.

तेव्हा ते खरं होतं. पुढचा रविवार उजाडेपर्यंत.

रविवारी नणंद आल्या, वृंदाताई, इचलकरंजीहून. सोबत त्यांचे यजमान, त्यांच्या जाऊबाई, आणि आईंच्या भिशीतल्या चौघी. शहाळी, बिस्किटांचे पुडे, डबाभर शिरा. भर दुपारची वेळ. आईंच्या खोलीचे पडदे लावलेले, आणि त्या गाढ झोपेत.

मी दारात उभी राहिले. "ताई, त्यांची आत्ता रात्र आहे. संध्याकाळी भेटाल का?"

"अगं बाई!" वृंदाताई बाकीच्यांकडे बघून म्हणाल्या, "आमची आई अमेरिकेला गेली म्हणायची! इथे बसून!"

सगळ्या हसल्या. हृषी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ऋजू, माणसं लांबून आलीत. त्यांना काय सांगू, आईची रात्र आहे, परत जा? पाचच मिनिटं."

पडदे उघडले गेले. आई उठून बसल्या. डोळे जड, चेहरा मातकट, तरी पदर सारखा केला आणि हसल्या, कारण घरी आलेल्या माणसासमोर झोपून राहायचं नसतं हे त्यांच्या हाडात होतं. "तू बस की गं," म्हणाल्या. ताईंनी स्वतःच्या हाताने शिरा भरवला. "खा गं, अगदी वाळलीस. काय उपाशी ठेवतात की काय तुला?" जाऊबाईंना सर्दी होती, त्या रुमाल नाकाशी धरून आईंच्या अगदी शेजारी बसल्या, मायेने हात हातात घेऊन. नीरूही पाळणाघरातून शेंबूड घेऊन आलेली, दिवसा आजी जागी सापडली म्हणून थेट तिच्या कुशीत शिरली.

मी नीरूला उचलून घेतलं. ती रडली. ताई म्हणाल्या, "राहू दे की. आजीला नात लागत नाही होय?"

मग तो पायंडाच पडला. रोज दुपारी कुणी ना कुणी. रोज दोन घास. विझलेला दिवा सांगत होता रात्र, आणि पोटात शिरा सांगत होता दिवस. मेंदू 'प्रहर'च्या वेळेवर राहिला, यकृत आमच्याकडे आलं. मला ते समजत होतं आणि मी नीट सांगू शकत नव्हते. ज्या घरात प्रेम म्हणजे ताटात वाढणं, तिथे जेवण हे घड्याळाचं औषध आहे म्हणून वेळेवरच द्या, हे कसं सांगायचं? मी फक्त पहारा ठेवला. नीरू तान्ही होती तेव्हा झोपेत तिच्या नाकाखाली तळवा धरून श्वास बघायची मला खोड लागली होती. तसा मी आईंच्या नाकाखाली धरू लागले. दिवसातून तीनदा तापही बघत होते. ताप नव्हता. मला हायसं वाटायचं.

मग ती संध्याकाळ आली. निरांजन लागलं, चहा झाला, नीरूने भातुकली मांडली. आई फोनकडे बघत बसल्या होत्या.

"आठ नंबर उठली नाही," त्या म्हणाल्या.

"झोपल्या असतील अजून."

"नाही गं. उठली नाही."

मी फोन लावला. वाजत राहिला. मगदूम बाईंच्या मुलाला बंगळूरला लावला. तो मीटिंगमधून बोलत होता. "काल तर एकदम मस्त होती. शाळेच्या जुन्या मुली आल्या होत्या दुपारी, पंधरा-वीस जणी. केक कापला. व्हिडिओ पाठवलाय मला. आणि ताप नाहीये ना, पट्टी लावलीये हाताला, मला इथे फोनवर दिसतं. आत्तापण नॉर्मल दाखवतंय."

"आत्ता?"

"हो. जरा कमीच आहे उलट."

मी हृषीला गाडी काढायला लावली. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. दार उघडल्यावर पहिला वास आला केकच्या क्रीमचा, आंबूस. भिंतीवर फुगे होते. मगदूम बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या, नीट नेसलेल्या, केस बांधलेले, दिव्याचा पांढरा उजेड तोंडावर. मांडीवर फोन. दात शेजारच्या वाटीत, अजून पाण्यात.

मी त्यांच्या नाकाखाली तळवा धरला. खूप वेळ धरला.

हातावरची पट्टी तशीच होती. तिच्यावर हिरवा ठिपका चमकत होता. हृषी तो ठिपका बघत राहिला. "हिरवा आहे," तो म्हणाला, पुन्हा म्हणाला, "ऋजू, हिरवाच आहे." ती पट्टी फक्त तापासाठी ओरडायची. ताप म्हणजे शरीराने केलेला आरडाओरडा असतो. बाईंच्या शरीरात निम्म्या घड्याळांची रात्र होती आणि निम्म्यांचा दिवस, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की ओरडायची पाळी दुसऱ्याची आहे.

शेजारच्या काकू, हृषी, खालच्या मजल्यावरून बोलावलेले डॉक्टर, सगळे बोलायला लागले. मला काहीच ऐकू येईना. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या फ्रिजवर ठेवलेला शिऱ्याचा डबा होता, आणि नीरूचं वाहतं नाक.

घरी आई नीरूला खोट्या कपात चहा देत होत्या. वृंदाताई आल्या होत्या, आईपाशी रात्रीला थांबायला. मी आईंच्या नाकाखाली हात धरला. श्वास होता. पण लहान लहान, घाईचा, पळून आल्यासारखा. नखं निळसर होती. दिव्याच्या त्या उजेडात ती सगळ्यांचीच निळसर दिसतात, म्हणून मला कधी दिसली नव्हती.

"उठली का गं आठ नंबर?" आईंनी विचारलं.

मी डॉ. मुजावरांना फोन केला. काय दिसतंय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "लगेच आणा. आणि ऐका, मी 'प्रहर'मध्ये घेणार आहे. दुसरीकडे त्या टिकणार नाहीत. पण दुसऱ्यांदा फिरवलेलं घड्याळ परत येईल असं मी सांगू शकत नाही. आतापर्यंत तरी मी ते परत आलेलं पाहिलेलं नाही. त्या जगल्या, तर त्याच वेळेत जगतील."

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं.

"काही नेऊ नका," वृंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता. "ताप नाही, हसतेय, बोलतेय. परत त्या खोलीत घालून तिचं भूत करणार का तुम्ही? आम्ही जागे तेव्हा ती झोपलेली आणि ती जागी तेव्हा घरभर अंधार. हे काय जगणं झालं?"

हृषी खाली बघत होता.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

आईंनी कप खाली ठेवला. त्यांना कळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना आठ नंबरचं कळलं होतं.

"तिथे सावली पडत नाही गं," त्या म्हणाल्या. "स्वतःचा हात वर धरला तरी पडत नाही. मला वाटायचं, मी मेलेय आणि हे लोक सांगत नाहीयेत." त्यांनी श्वास घेतला. "परत नको गं."

नीरूने खोटी किटली उचलली, आजीचा कप पुन्हा भरला आणि म्हणाली, "आजी, पी. गलम आहे."

आईंनी कप ओठाला लावला. मग मला विचारलं, "ही किती वाजता झोपते?"

"दिवे लागले की. तासाभरात."

"आणि मी तेव्हा उठणार."

"हो."

"म्हणजे एक तास आहे."

"आहे."

"मग चल," त्या म्हणाल्या. "वृंदा, रडू नको. शिरा छान झाला होता. पण पुन्हा आणू नकोस."

आई जगल्या. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला गोष्टींत शेवटपर्यंत ताटकळत बसणं सोसत नाही. फुप्फुसं पुन्हा भरली होती, पण पहारा जुळल्यावर जंतू हटले. त्या घरी आल्या आणि आता आमच्या दिवसात परत येणार नाहीत. आम्ही दिव्याची वेळ सरकवत नाही, चष्मा काढत नाही. दुपारी त्यांच्या खोलीचं दार बंद असतं आणि बाहेर खुर्ची टाकून मी बसते. हल्ली घरून करायची एक नोकरी धरली आहे, तिचं काम मी तिथूनच करते. दार वाजवणाऱ्यांना मी संध्याकाळी या म्हणते. काही जण रागावून गेले, ते आलेच नाहीत. वृंदाताई मात्र येतात, दिवेलागणीला, रिकाम्या हाताने, आईंसोबत सकाळचा चहा प्यायला. नीरूला हे सगळं अगदी साधं वाटतं. तिच्या शाळेत बाईंनी विचारलं, सूर्य मावळल्यावर काय होतं, तर ती म्हणाली, आजी उगवते.

मला तसं साधं वाटत नाही. पहाटेपूर्वी कधी जाग आली तर आतून भांड्यांचा आवाज येतो. आईंचा तो दुपारचा स्वयंपाक असतो. क्षणभर मला वाटतं, ताई म्हणाल्या तसंच झालं, आईंचं भूत झालं. मग मी उठते, जाऊन बघते. हात पुढे करते. आई न बोलता मान पुढे करतात, आणि माझ्या तळव्यावर ऊब लागते.

मगदूम बाईंनंतर डॉ. मुजावरांनी त्या आठ खाटांवरच्या सगळ्यांना निरोप पाठवले. प्रत्येकाला आईंचा नंबर दिला. एकेक करून फोन आले. एक शिंपी आहेत, एक भाजीवाल्या मावशी आहेत, एक कॉलेजातली मुलगी आहे, दोघे भाऊ आहेत जत तालुक्यातले. आता दिवेलागणीला आमच्याकडे हजेरी असते. "एक नंबर?" "उठलो." "दोन?" "उठले, काकू." आठवर आई क्षणभर थांबतात. मग फोन ठेवतात.

तीनचा फोन आला नाही. डॉक्टर सांगतात, त्यांनी रुग्णालयात दिलेला नंबर बंद आहे, पत्त्यावरची खोली दुसऱ्या कुणीतरी भाड्याने घेतली आहे. त्यांचं नाव त्या मला सांगू शकत नाहीत, वयस्कर आहेत एवढंच म्हणाल्या. आई म्हणायच्या, तो आहे, तो रोज उठतो, मला ठेका ऐकू येतो. मी वाद घातला नाही. एकाच वेळी चावी दिलेली घड्याळं, असं मनाशी म्हणायचे.

काल संध्याकाळी हजेरी झाल्यावर आई चहा न पिता बसून राहिल्या. मान वर करून, कान देऊन. नीरूलाही गप्प केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ठेका थांबला," त्या म्हणाल्या. "नाही, अजून आहे. पण लय सुटतेय."

म्हणून हे लिहिते आहे. मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे: वयस्कर पुरुष, मिरजेतून कुठेतरी राहायला गेलेले, बोटांना कठडा दिसला की वाजवायची सवय. कदाचित मुलाकडे असतील, कदाचित कुणाच्या वरच्या खोलीत. दिवसा झोपतात म्हणून घरातले कुरकुरत असतील. दुपारी उठवून जेवायला बसवत असतील, मायेनेच. ते बरे आहेत का विचारलं तर सगळे सांगतील, हो, ताप नाही.

तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, तुमच्याच घरात असं कुणी असेल तर हे वाचणं इथेच थांबवा. जा. ताप बघू नका. नाकाखाली तळवा धरा, आणि ऊब लागेपर्यंत हात मागे घेऊ नका.